परदेशात मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून जाताना: लसी, औषधे आणि परतल्यावरचा ताप

शिक्षिका, परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक अशी अनेक मंडळी आता काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी परदेशात मुलांसोबत काम करायला जातात. कोणी केनिया किंवा युगांडातल्या शाळेत, कोणी नेपाळमधल्या पुनर्वसन केंद्रात, तर कोणी पोषण किंवा आरोग्याच्या शिबिरात. नेर, दारव्हा, दिग्रससारख्या गावांतून निघणाऱ्या व्यक्तीचा व्हिसा आणि तिकीट यांचा विचार घरात महिनोन्महिने चालतो. तब्येतीचा विचार मात्र बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होतो, आणि तोपर्यंत काही लसींची वेळ निघून गेलेली असते.

ही माहिती जाणाऱ्या व्यक्तीसाठी आहे, तशीच तिच्या घरच्यांसाठीही. कारण परतल्यावर ताप आला, तर दवाखान्यात घेऊन जाणारे घरचेच असतात.

ही तयारी नेहमीच्या प्रवासापेक्षा वेगळी का?

पर्यटक हॉटेलात राहतो, स्वयंसेवक वस्तीत राहतो. तो तिथले पाणी पितो, मुलांना उचलून घेतो, त्यांच्यासोबत जेवतो आणि जास्त दिवस राहतो. म्हणून त्याला आजाराचा धोका जास्त असतो.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. आपणही आजार घेऊन जाऊ शकतो. २०१० मध्ये हैतीत भूकंपानंतर मदतीसाठी अनेक देशांतून लोक गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा सुरू झाला. शांतिसैनिकांच्या एका छावणीतले सांडपाणी नदीत मिसळल्याने तो पसरला, असे पुढे तपासातून दिसले. आठ लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले. २०१९ मध्ये सामोआ या छोट्या बेटावर बाहेरून गोवर पोहोचला. तिथे लसीकरण कमी झालेले होते. ८३ मृत्यू झाले आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.

कुपोषित किंवा लस न मिळालेल्या मुलाला गोवर, डांग्या खोकला किंवा क्षयरोग झाला तर तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे स्वयंसेवकाची लस ही त्याच्यासाठी जितकी, तितकीच त्या मुलांसाठी असते.

तयारी केव्हा सुरू करावी?

निघण्याच्या किमान ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. शक्य असेल तर ६ महिने आधी, कारण हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात.

पहिल्या भेटीला या गोष्टी सोबत न्या:

- लहानपणीचे लसीकरण कार्ड. सापडले नाही तरी चालेल, पण शोधून पाहा.
- कोणत्या देशात, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस जाणार याची माहिती. शहर की खेडे, हेही सांगा.
- प्रवासात कुठे थांबून विमान बदलणार ते.
- सध्या चालू असलेली सर्व औषधे आणि जुन्या आजारांचे कागद.
- सिकलसेल तपासणीचा अहवाल. याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणत्या लसी लागतात?

सगळ्या लसी सगळ्यांना लागत नाहीत. देश, काम आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात.

*पीतज्वर (येलो फीवर).* आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत हा डासांमुळे होणारा आजार आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया हे त्यांतले काही देश. आपल्याकडे दरवर्षी डेंग्यू पसरवणारा एडिस डासच हा आजार पसरवू शकतो. भारतात पीतज्वर नाही, पण डास भरपूर आहेत. म्हणून आपले सरकार याबाबत कडक आहे. पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतलेल्या प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

ही लस खासगी दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच, ठराविक दिवशी आणि आधी नोंद करून दिली जाते. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ही सोय आहे. निघण्यापूर्वी फोन करून वार विचारा आणि पासपोर्ट सोबत न्या. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मान्य आहे. लस घेऊन चौथ्या दिवशी विमान पकडले तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

गर्भवती, अंड्याची गंभीर ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि ६० वर्षांवरील व्यक्तींनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावे.

*गोवर-रुबेला.* मुलांमध्ये काम करणाऱ्यासाठी ही सर्वात महत्त्वाची लस आहे. भारतात गोवराचा दुसरा डोस नियमित लसीकरणात २०१० नंतर आला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली. म्हणजे त्या वेळी १५ वर्षांच्या पुढे असलेल्या अनेकांना एकच डोस मिळालेला असू शकतो. दोन डोसांची नोंद नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने एमएमआरचे डोस पूर्ण करा. एमएमआर आणि पीतज्वर या दोन्ही जिवंत विषाणूच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी घ्याव्यात किंवा मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावेत. गरोदरपणात एमएमआर देत नाहीत, आणि घेतल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी.

*धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला.* दहा वर्षांत धनुर्वात-घटसर्पाचा डोस झाला नसेल तर घ्या. तान्ह्या बाळांसोबत काम असेल तर डांग्या खोकल्याचा समावेश असलेली लस (टीडॅप) घेणे चांगले.

*टायफॉइड.* एका डोसची लस, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी.

*हिपॅटायटिस ए.* आपल्याकडे अनेकांना लहानपणी नकळत ही कावीळ होऊन गेलेली असते आणि त्यांना लस लागत नाही. शंका असेल तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करता येते.

*हिपॅटायटिस बी.* परिचारिका, प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि जखमा हाताळणाऱ्यांसाठी आवश्यक.

*कांजिण्या.* लहानपणी झाल्या नसतील आणि लसही घेतली नसेल तर दोन डोस.

*मेंदूज्वर (मेनिन्जोकोकल).* आफ्रिकेत पश्चिमेकडून पूर्वेपर्यंत पसरलेला एक पट्टा आहे, तिथे डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत या आजाराच्या साथी येतात. त्या भागात जात असाल तर चार प्रकारांविरुद्धची लस घ्या.

*रेबीज.* गावात कुत्री असतात आणि मुले त्यांच्याशी खेळतात. दूरच्या भागात चावल्यानंतर लागणारे इम्युनोग्लोब्युलिन मिळेलच असे नाही. आधीच प्रतिबंधक डोस घेतलेले असतील तर चावल्यानंतर फक्त दोन डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही. लस घेतलेली असो वा नसो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. चुना, हळद, मिरची लावू नका.

*पोलिओ.* काही देशांत जाण्यासाठी तोंडी पोलिओ डोसाचे प्रमाणपत्र लागते. यादी बदलत असते, म्हणून व्हिसाच्या वेळीच विचारून घ्या.

हिवताप: "आम्हाला सवय आहे" हा समज

"विदर्भात इतके डास आहेत, आम्हाला काही होणार नाही," असे बरेच जण म्हणतात. हे बरोबर नाही. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि ती लवकर ओसरते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे प्रामुख्याने फाल्सिपॅरम प्रकारचा हिवताप असतो. त्यात प्रकृती एका दिवसात गंभीर होऊ शकते. गडचिरोलीकडच्या लोकांना हा प्रकार माहीत आहे.

बचावाचे दोन भाग आहेत. पहिला म्हणजे डास चावू न देणे: औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डास पळवणारे मलम.

दुसरा भाग गोळ्यांचा. नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या अशा:

- डॉक्सीसायक्लिन: रोज एक. निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू, परतल्यावर ४ आठवडे चालू. भरपूर पाण्यासोबत, जेवणानंतर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. उन्हाने त्वचा भाजते. गर्भवतींना देत नाहीत.
- मेफ्लोक्विन: आठवड्यातून एक. २-३ आठवडे आधी सुरू, परतल्यावर ४ आठवडे. नैराश्य, इतर मानसिक आजार किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांनी घेऊ नये.
- ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: रोज एक. १-२ दिवस आधी सुरू, परतल्यावर ७ दिवस.

कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. सर्वात जास्त गोंधळ होतो तो परतल्यानंतर. "आता घरी आलो, गोळ्या कशाला?" म्हणून लोक त्या बंद करतात. डास चावल्यानंतर हिवतापाचे जंतू शरीरात काही दिवस ते आठवडे शांत राहतात. त्या काळात गोळी चालू असणे गरजेचे आहे.

सिकलसेल: विदर्भातल्या प्रत्येकाने विचारावा असा प्रश्न

आपल्या भागात सिकलसेल आजार अनेक कुटुंबांत आहे. परदेशी जाण्यापूर्वी तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. सरकारी दवाखान्यात प्राथमिक रक्त तपासणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री केली जाते.

- वाहक (एएस): बहुतेकांना रोजच्या जीवनात त्रास नसतो. वाहकांना गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते हे खरे आहे, पण ते पूर्ण नसते. गोळ्या आणि मच्छरदाणी त्यांनाही लागतेच. खूप उंचावर, अति श्रमात आणि पाणी कमी पडल्यास त्यांनीही सांभाळावे.
- सिकलसेलग्रस्त (एसएस): यांच्यासाठी हिवताप फार धोकादायक असतो. प्लीहा नीट काम करत नसल्याने न्यूमोकोकल आणि मेनिन्जोकोकल लसी आवश्यक असतात. उंच डोंगराळ भाग, लांबचा विमानप्रवास आणि निर्जलीकरणामुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. आफ्रिकेतल्या दुर्गम खेड्यात काही महिने राहण्याचा बेत असेल तर आपल्या तज्ज्ञांशी स्पष्ट बोला. डॉक्टरांनी "नको" म्हटले तर ते मन मोडण्यासाठी नसते.

जुना आजार असेल तर

रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड असलेल्यांनीही जायला हरकत नाही, पण आजार आधी आटोक्यात हवा. पूर्ण मुक्कामाची औषधे आणि वर दोन आठवड्यांची जास्तीची औषधे न्या. ती मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे ओळखले जात नाहीत. इन्सुलिन कधीही सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ते गोठून निकामी होऊ शकते. वेळेच्या फरकानुसार इन्सुलिनची वेळ कशी बदलायची हे आधी लिहून घ्या. ट्रामाडॉल, कोडीन आणि झोपेच्या काही गोळ्यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत, त्यात विमान बदलण्याचे देशही येतात.

दात दाखवून घ्या. दुखरी दाढ घेऊन खेड्यात तीन महिने काढणे अवघड असते. आरोग्य विमा घेताना त्यात जुना आजार आणि गंभीर प्रसंगी दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून पाहा.

जाण्यापूर्वी स्वतःची तपासणी, मुलांसाठी

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा घरात कोणाला क्षयरोग झालेला असेल तर निघण्यापूर्वी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढील तपासणीची सोय आहे. पाच वर्षांखालच्या मुलात क्षयरोग मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

निघण्याच्या दिवशी ताप, अंगावर पुरळ किंवा जुलाब असतील तर प्रवास पुढे ढकला. तिकिटाचे पैसे जातील, पण कुपोषित मुलांच्या वॉर्डात आजार पोहोचणार नाही.

तिथे राहताना

- पाणी उकळून किंवा सीलबंद बाटलीतलेच. बर्फ, कापून ठेवलेली फळे आणि कच्ची कोशिंबीर टाळा.
- जुलाब सुरू झाले तर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात. शौचात रक्त, तीव्र ताप किंवा उलट्यांमुळे पाणीही न टिकणे अशी लक्षणे दिसली तर दवाखाना गाठा.
- आफ्रिकेतल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत पोहू नका. व्हिक्टोरिया सरोवरासह अनेक ठिकाणी बिल्हार्झिया नावाचा कृमी त्वचेतून शरीरात शिरतो.
- प्रवासात रस्ता अपघातांनी अनेक जीव जातात. हेल्मेट आणि सीटबेल्टचा आग्रह धरा, रात्रीचा प्रवास टाळा.

मुलांच्या बाबतीत काय करू नये

आपण डॉक्टर किंवा परिचारिका नसाल तर मुलांना औषध, इंजेक्शन देऊ नका, टाके घालू नका. आपल्या गावात जे काम करायची परवानगी नाही, ते दुसऱ्या देशातही करायचे नाही. आपण डॉक्टर असाल तरी त्या देशाची परवानगी लागते.

मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नका. पालकांच्या किंवा संस्थेच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका आणि ते व्हॉट्सॲपवर टाकू नका. आजारी, उघड्या मुलाचा फोटो त्याच्यासाठी आयुष्यभर राहतो.

अनाथाश्रमात दोन-तीन आठवड्यांसाठी जाण्याचा विचार असेल तर थांबून विचार करा. तिथली मुले पटकन जीव लावतात आणि दर महिन्याला नवा माणूस येऊन जातो. हा वारंवार होणारा विरह लहान मुलाच्या मनावर परिणाम करतो. नेपाळसह काही देशांत आई-वडील हयात असलेली मुलेही देणगीदारांना दाखवण्यासाठी अशा घरांत ठेवली गेल्याचे उघड झाले आहे. शाळा, पोषण केंद्र, स्थानिक शिक्षक-परिचारिकांचे प्रशिक्षण अशी कामे निवडा. संस्था आपल्याकडून पोलीस पडताळणी मागते का, मुलांच्या सुरक्षेची लेखी नियमावली देते का, हे पाहा. काहीच न विचारता पैसे घेऊन प्रवेश देणारी संस्था टाळा.

आधी जवळ काम करून पाहा

पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून मेळघाटात बालमृत्यू आणि कुपोषणावर काम करते. पावसाळ्यात तिचे स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी गावात जाऊन राहतात आणि आजारी मुले वेळेत दवाखान्यात पोहोचावीत यासाठी मदत करतात. आपल्यासाठी मेळघाट शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. वेगळी भाषा, चिखल, डास, साधे जेवण आणि डोळ्यांसमोर आजारी मूल, हे सगळे तिथे अनुभवता येते. आपल्याला हे झेपते का, कोणते काम जमते, हे परदेशाचा खर्च करण्याआधी कळते. आणि काही जणांना पुढे जाण्याची गरजच वाटत नाही.

परतल्यावर: घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट

हिवतापाच्या देशातून परतलेल्या व्यक्तीला ताप आला, तर तो हिवताप नाही हे सिद्ध होईपर्यंत तो हिवतापच समजावा. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो, पण काही प्रकारांत तो वर्षभरानेही येऊ शकतो.

- त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पहिलेच वाक्य सांगा: "मी अमुक देशातून अमुक तारखेला परतलो."
- हिवतापासाठी रक्ताची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट करून घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप कायम राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा.
- प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असल्या तरी तपासणी टाळू नका.
- घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊन दोन दिवस वाट पाहू नका.

गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट येणे, धाप, कावीळ, लघवी कमी किंवा काळपट होणे यांतले एकही लक्षण दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

ताप नसला तरी दोन आठवड्यांहून जास्त जुलाब, खोकला, लघवीतून रक्त किंवा त्वचेवर न भरणारी जखम असेल तर दाखवा.

मनाकडेही लक्ष द्या. परतलेली व्यक्ती गप्प राहते, झोपत नाही, "इथे ताटात इतके अन्न वाया जाते" म्हणून चिडते, असे काही दिवस होऊ शकते. तिला बोलू द्या. "आता ते विसर" म्हणू नका. दोन-तीन आठवड्यांनीही झोप, भूक आणि कामावर परिणाम राहिला तर डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

थोडक्यात वेळापत्रक

- ६ महिने आधी: हिपॅटायटिस बीचा पहिला डोस, सिकलसेल तपासणी, दातांची तपासणी.
- ८ आठवडे आधी: डॉक्टरांची भेट, एमएमआर, पीतज्वर केंद्रावर नोंद.
- ४ आठवडे आधी: एमएमआरचा दुसरा डोस, रेबीज आणि टायफॉइडच्या लसी, विमा.
- किमान १० दिवस आधी: पीतज्वराची लस झालेलीच हवी. शक्यतो एमएमआरच्या दिवशीच घ्या.
- २-३ आठवडे ते १ दिवस आधी: ठरलेल्या प्रकारानुसार हिवतापाच्या गोळ्या सुरू.
- परतल्यावर: गोळ्यांचा कोर्स पूर्ण, ताप आला तर त्याच दिवशी तपासणी.

हे वेळापत्रक छापून पासपोर्टसोबत ठेवा. त्याची एक प्रत घरी, फ्रिजवर किंवा कॅलेंडरजवळ लावून ठेवा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. लसी आणि गोळ्या आपल्या प्रकृतीनुसार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.*